घंटा गेली, कुंडाचं काय?

"तळाला भोक आहेच, म्हणजे पाणी साचायचं नाही. जिरेनियम लावा, छान फुलतात," विक्रेता म्हणाला.

आम्ही खरं तर जुनं दार बघायला गेलो होतो. पूर्व इंग्लंडमध्ये पाडलेल्या किंवा विकलेल्या इमारतींचं सामान मांडून बसलेली आवारं बरीच आहेत. शेकोटीच्या चौकटी, पबमधले आरसे, शाळेचे बाक, चर्चचे बाक, सगळं एकाच भावात. बिडाच्या न्हाणीच्या टबांच्या रांगेत, पावसात भिजत, एक अष्टकोनी दगडी कुंड उभं होतं. कमरेएवढं उंच, आतून शिशाचा पत्रा आणि तळाशी रुपयाएवढं भोक. किमतीची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेली. ती किंमत शेजारच्या टबापेक्षा कमी होती.

ते भोक जिरेनियमसाठी नव्हतं. लहान मूल चर्चमध्ये आणलं, की त्याच्या कपाळावर तीनदा पाणी घालून त्याला बाप्तिस्मा देतात. वसईचे आपले ख्रिस्ती लोक याला स्नानसंस्कार म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. त्या पाण्यावर प्रार्थना म्हटलेली असते. संस्कार झाल्यावर ते मोरीत जाऊ नये, कुणाच्या पायाखाली येऊ नये, सरळ खालच्या मातीत जिरावं, म्हणून कुंडाच्या तळापासून जमिनीपर्यंत वाट ठेवलेली असते. देवाच्या अंघोळीचं पाणी आपण तुळशीत ओततो, तसंच काहीसं. विक्रेत्याला हे सांगावंसं वाटलं. पण तो बिचारा दोन दारांचे मिळून किती ते सांगत होता, आणि पाऊस वाढला होता.

घरी येईपर्यंत मात्र डोक्यातून जाईना. हे कुंड कुठल्यातरी गावातलं होतं. त्या गावच्या पाच-सहा पिढ्यांची नावं त्याच्यापाशी उभं राहून पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली गेली असणार. ते टबांच्या रांगेत आलं कसं, आणि येऊ द्यावं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंद पडलेल्या गावचर्चचं कुंड विकता कामा नये. जिथे त्यात पुन्हा पाणी भरलं जाईल अशा जागी ते जावं. तशी जागा मिळत नसेल तर ते जिथे उभं होतं तिथेच फरशीखाली पुरावं. संग्रहालय त्यानंतर. बाग हा पर्यायच नाही.

आता थोडं चर्च बंद होण्याविषयी. चर्च ऑफ इंग्लंडची आजही सुमारे १६ हजार चर्चं आहेत. त्यातली कितीतरी अशा खेड्यांत आहेत जिथे दुकान नाही, शाळा नाही, बस आठवड्यातून दोनदा. रविवारी सहा-सात डोकी, सगळी पिकलेली. छपराचं शिसं चोर काढून नेतात आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून ती सहा डोकी एकमेकांकडे बघतात. १९६९ पासून अशी चर्चं रीतसर बंद करण्याचा कायदा आहे आणि तेव्हापासून दीड हजाराहून जास्त बंद झाली. आधी त्यांना 'अनावश्यक' म्हणायचे. आता 'नियमित सार्वजनिक उपासनेसाठी बंद' म्हणतात. शब्द मऊ झाला, कुलूप तेच. त्यातली साडेतीनशेहून अधिक एका सरकारमान्य न्यासाकडे आहेत, ती उघडी असतात आणि आत जाऊन बघता येतात. बाकीच्यांची घरं होतात, कचेऱ्या होतात, एखाद्यात गिर्यारोहणाच्या सरावाची भिंत उभी राहते.

सामानाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. शंभर वर्षांहून जुन्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जमा कराव्या लागतात. १९७८ चा कायदाच आहे तसा. चांदीचा पेला बँकेत किंवा कॅथीड्रलच्या तिजोरीत जातो. घंटांवर जीव टाकणारे लोक इंग्लंडात गावोगाव आहेत, ते घंटेला घर शोधतात. ऑर्गनलाही चाहते भेटतात. कुंड मात्र अर्धा टन सहज भरतं, गाडीत बसत नाही आणि कुणी मागतही नाही. कायद्याने कुंड, वेदी आणि पूजेची भांडी यांचं काय करायचं ते बिशप ठरवतात. बिशप भला असेल तर ठीक. पण ज्यांची नावं त्या दगडाशी ठेवली गेली, त्यांना विचारायची सक्ती कुठे आहे?

कुंडावर धर्मापलीकडचा हक्क आहे, असं मी का म्हणतो, तर या नोंदवह्यांमुळेच. इंग्लंडात पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ सालचा, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा. सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. म्हणजे मधली तीनशे वर्षं, गरिबाचं पोर जन्माला आलं याचा बहुतेक वेळा एकच पुरावा: अमुक तारखेला अमुकच्या मुलाला या कुंडाशी आणलं. वहीतल्या ओळीला कायदा जपतो. ती ओळ जिच्यामुळे लिहिली गेली ती वस्तू पावसात.

आमच्या शेजारच्या खेड्यातलं चर्च बंद व्हायच्या वाटेवर आहे. किल्ली समोरच्या घरातल्या बाईंकडे असते. ऐंशीच्या पुढच्या आहेत, गुडघे धरलेले, पण किल्ली द्यायला स्वतः येतात आणि मग जातही नाहीत. तिथलं कुंड जुनं आहे, मध्ययुगीन. झाकण उचलून बाईंनी मला कड दाखवली. समोरासमोर दोन ठिकाणी दगडाचा टवका उडालेला, आणि एका खाचेत अजून काळपट शिसं अडकलेलं. "कुलूप होतं इथे," त्या म्हणाल्या.

मला तोवर वाटायचं, हे टवके वयाचे. तसं नाही. १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी आज्ञा काढली, की कुंडांना झाकण असावं आणि झाकणाला कुलूप. कारण जादूटोणा. त्या काळी एकदा प्रार्थना करून भरलेलं पाणी बरेच दिवस कुंडात राहायचं, आणि लोक रात्रीतून ते चोरून न्यायचे: करणीसाठी, गुरांसाठी, कधी आजारी माणसासाठी. मग कडेला लोखंडी कड्या शिसं ओतून बसवल्या. पुढे धर्माचं वारं फिरलं, कुलपं नकोशी झाली, कुणीतरी पहार घालून कड्या उपटल्या आणि दगड फुटला. इंग्लंडातल्या जुन्या कुंडांवर हे दोन व्रण बऱ्याचदा सापडतात. मी त्या खाचेत बोट घालून पाहिलं. धार अजून बोथट झालेली नाही.

१६४४ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालू असताना, पार्लमेंटने कुंडंच काढायला सांगितली. साध्या तसराळ्यातून बाप्तिस्मा द्या, दगडाचं स्तोम नको. जी फोडली ती गेली, जी फोडली नाहीत ती शेतकऱ्यांनी नेली. गुरांना पाणी पाजायला याहून चांगली डोण कुठे मिळणार? १६६० मध्ये राजा परतला तसा पुन्हा कुंडांचा सुकाळ झाला. १६६० नंतरच्या चार-पाच वर्षांची तारीख कोरलेली कुंडं या देशात इतकी दिसतात, की जणू सगळ्या पाथरवटांना एकदमच काम लागलं.

ग्लॉस्टरशरमधल्या डीअरहर्स्टच्या कुंडाची गोष्ट तर कादंबरीत शोभेल. नवव्या शतकातलं, वाटीभर वेटोळ्यांची नक्षी, इंग्लंडातल्या सगळ्यात जुन्या आणि सुंदर कुंडांत त्याची गणना होते. ते असं हरवलं, की १८४० च्या दशकात वरची वाटी एका शेतघरात कपडे धुवायला वापरात असलेली सापडली. ती लाँगडन नावाच्या दुसऱ्याच गावच्या चर्चमध्ये नेऊन ठेवली. पुढे पंचवीसेक वर्षांनी जवळच्या एका वाड्यातल्या बाईंना त्याच नक्षीचा एक दगड बागेत दिसला. तो होता कुंडाचा देठ. मग त्यांनी लाँगडनला एक नवं कुंड करून दिलं, त्या बदल्यात वाटी परत आणली, आणि दोन्ही तुकडे डीअरहर्स्टला एकावर एक बसवले. आज ते तिथे आहे.

यावर माझ्या विक्रेत्याने म्हटलं असतं, "बघा, धुण्याला वापरलं म्हणून तर टिकलं. मी तेच करतोय." मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात खोट आहे. धुण्याच्या वाटीने कुंड वाचवलं नाही, नक्षी ओळखणाऱ्या डोळ्यांनी वाचवलं. आणि त्या बाईंचा व्यवहार बघा. वाटी सुंदर आहे म्हणून त्यांनी ती आपल्या दिवाणखान्यात ठेवली नाही. लाँगडनलाही रिकामं ठेवलं नाही, कारण तिथलीही पोरं बाप्तिस्म्याला यायची होती. माझ्या मते कुंडाच्या बाबतीत यापेक्षा शहाणपणाचा सौदा झालेला नाही.

चर्चच्या वस्तू इकडून तिकडे गेल्या याचं मराठी माणसाला तरी नवल वाटू नये. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची. मेणवलीच्या घंटेवर तर मरियमची आणि बाळाची आकृती उठावात आहे आणि साल १७०७. लोक येतात, टोल देतात, शंकराला हात जोडतात. घंटेला कुणी विचारत नाही, तुझी भाषा कोणती. नाद आहे ना, मग झालं.

कुंडाचं असं होत नाही, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. घंटा बोलावते, आणि बोलावणं सगळ्यांनाच लागतं. कुंडाला एकच काम येतं. चर्च ऑफ इंग्लंडचा नियमच सांगतो, की कुंडाची वाटी बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठीच वापरावी, दुसऱ्या कशासाठीही नाही. (सुगीच्या सणाला त्यात दुधी भोपळे आणि फुलं रचलेली मी स्वतः पाहिली आहेत. नियम आणि गाव यांचं नातं सगळीकडे सारखंच.) ज्या वस्तूला एकच काम आहे, तिचं ते काम गेलं की तिला 'पुन्हा वापरात आणणं' ही भाषा लागू होत नाही. फुलझाड लावणं म्हणजे कुंडाचा नवा वापर नव्हे, त्याच्या जुन्या वापराची थट्टा आहे.

मी ख्रिस्ती नाही, हे इथे सांगायला हवं. आणि मराठी हिंदू घरात बाप्तिस्मा हा शब्द काही निरागस नाही. 'बाटला' हा शब्द आपल्याकडे पाण्याशीच जोडलेला. विहिरीत पाव टाकला आणि सकाळी गावच बाटलं, ही गोष्ट मी आजीकडून ऐकली तेव्हा मला पावाचीच भीती वाटायला लागली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ उठला त्याची धग अजून पुरती विझलेली नाही. त्याच रमाबाई पुढे वाँटेजच्या सिस्टरांशी धर्मतत्त्वांवरून पत्रांतून कडाडून भांडल्या, हे आपण कमी सांगतो. पाणी डोक्यावर घेतलं, डोकं गहाण टाकलं नाही.

म्हणून कुंड मला गोड, निष्पाप वस्तू वाटते असं कुणी समजू नये. या दगडाशी माणसाचं नाव बदललेलं आहे, घरं तुटलेली आहेत. पण ज्या वस्तूशी इतकं काही घडलं, तिला शोभेची करून टाकणं हा विसरण्याचाच एक प्रकार आहे. मुळशी-कर्जतकडच्या रिसॉर्टांत हिरवळीवर जाती, रांजण, उखळं मांडून ठेवतात ना? दळून हात सोलवटलेली बाई त्या चित्रात कुठेच नसते. तरी जातं निदान कुणाच्या तरी घरचं होतं, घरच्यांनी विकलं. कुंड कुणाच्या घरचं होतं?

आता पर्यायांकडे. चर्चचं घर करताना पुष्कळदा कुंड जागच्या जागी ठेवतात, कारण इमारत संरक्षित यादीत असते आणि जमिनीला जोडलेली वस्तू परवानगीशिवाय हलवता येत नाही. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात वर काच टाकून त्यावर मासिकं ठेवली जातात आणि गावाला त्या दाराची बेल वाजवायची सोय राहत नाही. वर्षातले काही दिवस गावकऱ्यांना आत येता येईल अशी अट विक्रीच्या कागदात असेल तरच मला हे चालेल.

संग्रहालयांबद्दल माझा आक्षेप सौम्य आहे. डीअरहर्स्टसारखी दोन-चार अपवादात्मक कुंडं धोक्यात असतील तर जरूर न्या. पण गावोगावची साधी अष्टकोनी कुंडं कुठलं संग्रहालय मांडणार? ती गोदामात फळीवर जातील, पाठीला क्रमांक चिकटवून.

दुसऱ्या चर्चला द्यावं, तर अडचण अशी, की प्रत्येक चर्चमध्ये कुंड आधीच असतं, आणि एक बाप्तिस्मा म्हणून एका चर्चमध्ये एकच कुंड असा संकेत आहे. म्हणजे नवीन मंडळी शोधायला हवीत. ती आहेत. नव्या वसाहतींत शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या मंडळ्या प्लास्टिकच्या तसराळ्यावर भागवतात. आणि आपल्या देशातून आलेले लोक आहेत. प्रेस्टन शहरातलं सेंट इग्नेशस चर्च २०१४ मध्ये बंद झालं; काही आठवड्यांतच ते केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांना मिळालं आणि २०१६ मध्ये ते त्यांचं कॅथीड्रल झालं. आता तिथे मलयाळममध्ये प्रार्थना होते. शहरातलं चर्च होतं, गावातलं नव्हे, हे मान्य. पण पाणी भरायला माणसं मिळत नाहीत हे म्हणणं त्यामुळे खोटं पडतं. माणसं वेगळ्या रंगाची, वेगळ्या भाषेची असतील, हे गृहीत धरून शोधायला हवीत. गावच्या समितीतल्या काहींना नेमकं तेच जड जातं, हे मी ऐकलेल्या चर्चेवरून सांगतो.

तेही नसेल तर पुरावं. हे ऐकून लोक दचकतात. पण ही इथली जुनी चाल आहे. चर्चच्या फरशा उकरताना नव्या कुंडाच्या तळाशी किंवा पायात जुनं कुंड निघाल्याची उदाहरणं या देशात आहेत. संस्काराची वस्तू थकली, की ती वापरातून काढून मातीला द्यायची, रस्त्यावर टाकायची नाही. आपण खंडित मूर्ती बाजारात विकत नाही, तिचं विसर्जन करतो. त्यामागचा विचार मला यापेक्षा फार वेगळा वाटत नाही. इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, मग आम्ही बघायचं काय? मोजा, फोटो काढा, कडेवरचा टवकान् टवका नोंदवा, आणि मग पुरा. पुरलेली वस्तू हरवत नाही, बागेतली हरवते.

राहिला पैशाचा मुद्दा. गरीब पॅरिशला चार पैसे मिळतात तर का अडवायचं? अडवायचं, कारण चार पैसेच मिळतात. त्या आवारातली चिठ्ठी मी वाचली आहे; त्या रकमेत छपराची एक पन्हळ बदलून होणार नाही.

चर्च बंद करण्याचा मसुदा जाहीर झाला की किमान २८ दिवस हरकती घेतात, आणि हरकत कुणालाही घेता येते. मीही घेणार आहे. बंद करू नका असं मी लिहिलेलं नाही. रविवारी त्या बाकांवर मी कधी बसलो नाही, तेव्हा तो हक्क माझा नाही. एवढंच लिहिलं आहे की कुंडाचा निर्णय स्वतंत्र घ्यावा, तो गावात दारावर लावावा आणि कुठल्याही स्थितीत ते विक्रीला काढू नये. कच्चा कागद किल्लीवाल्या बाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"झाकणाचं काहीच नाही यात," त्या म्हणाल्या.

झाकण ओकचं आहे, साधं, मध्ये एक लोखंडी कडी. मी ते शंभरएक वर्षांचं समजत होतो. त्यांच्या वडिलांनी केलेलं निघालं, लढाईवरून परत आल्यावर, धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याच्या आधी. कुंडाचं माप घेताना खाचा आडव्या येत होत्या म्हणून खालून दोन ठिकाणी लाकूड तासून घेतलं होतं. बाईंनी झाकण उलटं करून तासलेली जागा दाखवली.

मी घरी येऊन 'कुंड' या शब्दापुढे सगळीकडे 'आणि त्याचं झाकण' असं घातलं.